मालमत्ताधारकाचे नाव

राजापेठ, अमरावती
दि. १० जून २०२५

चि. रागिणीस,

आशीर्वाद तू मागितलेले नाहीस. तरी ते लिहिणे माझे कर्तव्य आहे, म्हणून लिहितो.

तुझे पत्र काल मिळाले. चार वर्षांनी मुलीचे पत्र येते आणि पोस्टमन म्हणतो, "गुरुजी, इथं सही लागते." वडिलांना पत्र धाडताना पोचपावती कोण जोडतो? ज्याला ते पत्र पुढे कोठेतरी पुरावा म्हणून दाखवायचे असते, तो. ही युक्ती तुझी नसावी. ती कोणाची असावी, याचा मला अंदाज आहे.

पत्र अवघे चार ओळींचे. त्यात 'स्पष्टीकरण' या शब्दातील वेलांटी तू ऱ्हस्व काढली आहेस. मोर्शीच्या शाळेत मी तेहतीस वर्षे मराठी शिकवले. त्यातील तीन वर्षे तू माझ्याच वर्गात पुढच्या बाकावर होतीस. असो.

सोबतची नोटीस मी तीनदा वाचली. तिच्यातील एकेक वाक्य अर्ध्या पानाचे आहे आणि कर्ता कोठेही सापडत नाही. तरी आशय कळला, तो असा : अकोल्यातील सरकारी गृहयोजनेच्या सोडतीत तुला सदनिका लागली. अर्जासोबत तू प्रतिज्ञापत्र दिले होतेस की, तुझ्या किंवा गोपालच्या नावावर कोठेही पक्के घर नाही. पडताळणीत मात्र अमरावतीच्या राजापेठेतील एक दुमजली घर तुझ्या नावावर आढळले. ४ जुलैच्या सुनावणीत समाधानकारक खुलासा न झाल्यास सदनिका रद्द होईल आणि तुम्ही भरलेली रक्कम जप्त होईल. ही रक्कम तुम्ही दोघांनी सहा वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहून जमवली, असे तुझी आई सांगते.

आणि तू मला विचारतेस, "हे घर माझ्या नावावर कसे?"

कार्यालयांत चुका होतात. एकाच नावाच्या दोन व्यक्ती असू शकतात. संगणकावर नोंदी करणारी मुले ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, ती घरे काय पाळणार? मी चौकशी करीन. तोपर्यंत गोपालने पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नकोस. तसेच हे कळव की, नोटीस येण्यापूर्वी त्याला या नोंदीविषयी काही ठाऊक होते काय. उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे असावे.

भगवंतराव गावंडे

राजापेठ, अमरावती
दि. १७ जून २०२५

चि. रागिणी,

तुझे उत्तर आईच्या मोबाइलवर आले, माझ्याकडे आले नाही. याची नोंद घेतली आहे. "दुसरी कोणी रागिणी नाही. वडिलांचे नाव, घर क्रमांक, नळाचा क्रमांक, सगळे तुमचेच आहे." एवढे वाचून दाखवून तिने मोबाइल पदराखाली घेतला. हल्ली ती स्वयंपाकघराचे दार लोटून बोलत असते. मी गेलो की म्हणते, "सांभाराचा भाव इचारून राहिली." कोथिंबिरीचा भाव वीस मिनिटे विचारावा लागत नाही.

आता मी लिहितो ते नीट वाच. घराचे सर्व कागद माझ्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत असतात. किल्ली करगोट्याला. कुलूप मी नेहमी असे लावतो की, त्याचे तोंड भिंतीच्या विरुद्ध दिशेला राहावे. २०२१ सालच्या जून महिन्यात एके दिवशी ते तोंड भिंतीकडे वळलेले होते. त्या दिवशी गोपाल खाली आमचा पंखा दुरुस्त करण्यास आला होता. पंखा दुरुस्त झाला, हे मी नाकारत नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुमची वरच्या मजल्यावरची मुदत संपत होती. गोपाल जिन्यात उभा राहून म्हणाला, "मामाजी, सहा महिने अजून राहू द्या. तेवढ्यात घराच्या ईसारापुरते पैसे जमतात, मंग आमी चाललो." मी नकार दिला. तू त्याला माझा हट्ट म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावलास. मला ते कुलूप दिसत होते. जो मनुष्य सहा महिने मागतो त्याला सहा महिनेच हवे असतात, असे मी आयुष्यात पाहिलेले नाही.

हे सर्व मी तुझ्या आईला काल समजावून सांगितले. ती वांगी चिरत होती.

"जावयावर शक घेऊन राहिले तुमी," ती म्हणाली, "अन् कागद कोणाच्या पेटीत हाय?"

"माझ्या."

"मंग चोर कोन?"

तिच्याशी बोलताना मुद्दा नेहमी असा भरकटतो. पडताळणीच्या कागदावर अमरावतीच्या कोणा व्यक्तीची सही आहे काय, तेवढे कळव. कोणीतरी आतून माहिती पुरवली आहे.

भ. गावंडे

राजापेठ, अमरावती
दि. २४ जून २०२५

चि. रागिणी,

आज एक गोष्ट कळली. ती तुझ्यापासून दडवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

वर सध्या नीलम नावाची मुलगी भाड्याने राहते. शिकवणी वर्गात गणित शिकवते. नववा महिना चालू आहे. ती भाडे देण्यास खाली आली असता तुझ्या आईने तिला थांबवले. "पाह्य वं माय, ह्या घराचं काई दिसते का त्या तुह्या मोबाइलात." नीलमने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिने दोनचार वेळा बोट फिरवले आणि पडदा माझ्यासमोर धरला. मालमत्ताधारकाचे नाव : रागिणी भगवंतराव गावंडे.

"हे कोणालाही दिसते?" मी विचारले.

"कोणालाही, काका. नाव टाकलं की घर येतं."

"यासाठी पेटी उघडावी लागत नाही?"

"कोणती पेटी?"

गोपालविषयीचा तेवढा एक आक्षेप मी मागे घेतो. बाकीचे कायम आहेत.

आता विषय निघालाच आहे, तर लिहितो. होय. नाव तुझे आहे. घर माझे आहे.

तुझ्या आजोबांची सहा एकर जमीन एका कुळाकडे होती. "पाटील, अजून एक हंगाम," असे म्हणत म्हणत त्याने ती वाहिली आणि पुढे कायद्याने ती त्याचीच झाली. कायदा न्याय्य होता की नव्हता, याची चर्चा मी येथे करीत नाही. तुझे आजोबा त्यानंतर त्या जमिनीच्या धुऱ्यावरून कधी गेले नाहीत, एवढेच लिहितो. मी कोणाही भाडेकरूला अकरा महिन्यांपलीकडे का ठेवत नाही, हे तू लहानपणापासून विचारत होतीस. त्याचे उत्तर हे आहे.

१९९३ साली हे घर घेतले तेव्हा शेत, संत्र्याची बाग, सर्वकाही माझ्या थोरल्या भावासोबत सामाईक होते. घर माझ्या नावावर घेतले असते, तर त्याने 'हेही सामाईक पैशाचे' म्हणून हिस्सा मागितला असता. आपल्याकडे ज्याला भीती वाटते तो मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करतो. जमिनीच्या सीलिंगच्या काळात कोणी बायकोच्या नावावर केली, कोणी सुनेच्या. आमच्या गावात तर एकाने दोन बैलांच्या नावावर शेत केल्याची थट्टा अजून चालते. मी पाच वर्षांच्या मुलीच्या नावावर केले. 'अज्ञान, पालनकर्ता वडील' असे त्या खरेदीखतात लिहिलेले आहे. पाच वर्षांची मुलगी हिस्सा मागत नाही, असा माझा हिशेब होता.

तू सज्ञान झालीस की घर माझ्या नावावर करून घ्यावयाचे, असे ठरवले होते. परंतु त्यासाठी तुझी सही हवी, आणि सही मागावयाची तर सांगावे लागणार. आज सांगू, पुढल्या वर्षी सांगू, असे करता करता तुझे लग्न झाले. भाजी पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या घरात, ठोक्याने दुसऱ्याची जमीन वाहणाऱ्या माणसांत. अशा घरात हे कळू द्यावे, असे माझ्या जागी असलेल्या कोणाला वाटले असते?

मग टाळेबंदीत गोपालचे दुकान बंद पडले आणि तुम्ही दोघे वर राहावयास आलात. पुढचे तुला ठाऊक आहे.

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

भ. गावंडे

राजापेठ, अमरावती
दि. ३० जून २०२५

रागिणी,

तुझे पत्र मिळाले. या वेळी पोचपावती नव्हती. तू माझे पत्र फाडले नाहीस, उलट कार्यालयात नेऊन दाखवलेस, हे त्यात तू स्वतःच लिहिले आहेस. मला याचे आश्चर्य वाटले नाही.

अधिकाऱ्याने तुला सांगितले की, वडिलांचे पत्र पुरेसे नाही. वडील मुलीसाठी आता काहीही लिहून देतील. (त्या अधिकाऱ्याने मला पाहिलेले नाही.) घर आपल्या नावावर आहे हे तुला ठाऊक नव्हते, असे दाखवणारा त्या काळचा कागद हवा. आणि तू लिहितेस, "आपला भाडेकरार तुमच्या पेटीत असेल. माझी प्रत मी टेम्पोत बसताना फाडली. तुमची घेऊन या. जी बाई भाडे भरून राहिली, तिला ते घर स्वतःचे आहे हे माहीत नव्हते, याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही."

करार पेटीत आहे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसह, मी स्वतः लिहिलेला. त्यात एकही खाडाखोड नाही.

परंतु तो मी देणार नाही. कारणे लिहितो. तो कागद तेथे वाचला गेला की, पहिला प्रश्न माझ्यावर येईल : जे घर तुमचे नाही ते तुम्ही भाड्याने कसे दिले? दुसरा प्रश्न तू विचारशील, किंवा तुझा वकील विचारील : अकरा महिन्यांचे भाडे कोणी कोणास द्यावयाचे होते? तिसरा प्रश्न गोपाल विचारील, आणि तो विचारणार नाही, थेट सामान घेऊन येईल. शहात्तराव्या वर्षी मी आणि तुझी आई कोठे जावे? तू म्हणशील, आम्हांला ते घर नको. हे वाक्य मी यापूर्वी माझ्या भावाच्या तोंडून ऐकले आहे.

तू लिहितेस की, जुन्या शहरात चार वर्षांत तुम्ही तीन घरे बदलली. प्रत्येक अकरा महिन्यांनी नवी अनामत, नवा टेम्पो, आणि घरासाठी जमवलेल्यातून त्यात गेलेले पुन्हा जमवायला वर्ष. वाचून वाईट वाटले. तथापि अकरा महिन्यांचा नियम मी केलेला नाही.

काल तुझ्या आईने पेटी पलंगाखालून ओढून बाहेर काढली आणि तिच्यावर बसली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी खुर्चीशिवाय बसत नाही.

"किल्ली द्या."

"हा माझा व्यवहार आहे."

"व्यवहार? पोरगी पाच वरसाची होती तवापासून मले म्हाईत हाय. मी बोलली नाई. तुमी म्हनाले, नाई सांगाचं, नाई सांगितलं. तिच्या हातून भाडं घेतलं तुमी, मी समोर उभी होती. माह्याई पापात अर्धा हिस्सा हाय. पन त्या पोट्टीचं घर बुडवाच्या पापात मी नाई येत जी."

"तू तिला मोबाइलवर हे सर्व सांगितलेस काय?"

"पाह्यलं?" ती म्हणाली. "आताई तुमाले तेच पडलं हाय."

मी किल्ली दिली नाही. ४ तारखेला मी येईन, असे समजू नये.

भ. गावंडे

राजापेठ, अमरावती
दि. ५ जुलै २०२५

चि. रागिणी,

काल तू तेथे होतीस, तरी लिहितो. तुला जे दिसले आणि मला जे झाले, ते एकच नसावे.

मी का आलो, असे तू दारातच विचारलेस आणि मी उत्तर दिले नाही. उत्तर असे की, ३ तारखेला सायंकाळी मी करार काढून वाचत बसलो होतो. तो जाळावा, असे मनात होते. वाचताना अक्षर इतके सुरेख वाटले की जाळवेना. हे कारण पुरेसे नाही, हे मला ठाऊक आहे. दुसरे सापडले की कळवीन.

सकाळी सातच्या बसने निघालो. तुझी आई फाटकापर्यंतसुद्धा आली नाही. "तुमचं तुमी निस्तरा," एवढेच म्हणाली, पण डबा दिला. वाहकाने आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचे तिकीट फाडले. फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत ते तिकीट मी हातात धरून होतो.

अधिकारी बाई तुझ्याहून लहान असाव्यात. लिपिकाने करार मोठ्याने वाचला. तो 'मुद्रांक' हा शब्द दोनदा चुकला. मी एकदाच सुधारला.

"आजोबा, भाडेकरू रागिणी होले म्हणजे या तुमच्या मुलगीच ना?"

"होय."

"आणि घर कोणाच्या नावावर?"

"तिच्या."

"म्हणजे मुलीचंच घर तुम्ही मुलीला भाड्यानं दिलं?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मी म्हणालो, "वाक्य बरोबर आहे."

मग तो लिपिक सातव्या कलमावर आला. 'भाडेकरूचे आप्तेष्ट घरमालकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय मुक्कामास राहणार नाहीत.' बाईंनी ते त्याला पुन्हा वाचावयास लावले. "आप्तेष्ट म्हणजे कोण? तुम्हीच की." आणि तेवढ्यात कराराच्या मागे टाचणीने लावलेला तो छोटा कागद त्यांना दिसला. तो मागे आहे, हे मी विसरलो होतो, असे मी घरी सांगितले. मी विसरलो नव्हतो. टाचणी काढावयास माझा हात गेला होता, आणि मग मी तो मागे घेतला.

बाईंनी तो स्वतः वाचला, मोठ्याने नव्हे. मग तुझ्याकडे सरकवला.

'सौ. माणिकबाई गावंडे यांस, भाडेकरू सौ. रागिणी होले यांच्या आजारपणानिमित्त, वरच्या मजल्यावर तीन दिवस मुक्कामाची परवानगी देण्यात येत आहे. घरमालक, भ. गावंडे.'

तुला विषमज्वर झाला होता. तुझी आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून म्हणाली होती, "मी वर जाऊन राहिली, पोरीपाशी." मी म्हणालो होतो, थांब. आणि लिहून दिले होते. मला वाटले होते की, एकदा नियम मोडला तर गोपालचे सगळे घर येऊन राहील.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजोबा, शेवटचं विचारते. घर आपलं आहे हे यांना माहीत होतं?"

"नाही."

"का नाही?"

"मी सांगितले नाही. मुद्दाम. तीस वर्षे."

त्या वेळी तू खिडकीकडे पाहत होतीस. माझे एवढे लहान उत्तर तू पूर्वी कधी ऐकले नसशील.

खुलासा मान्य झाला. रक्कम जप्त होणार नाही, सदनिका कायम; मात्र नव्वद दिवसांत राजापेठेतील घर तुझ्या नावावरून उतरले पाहिजे. लिपिकाने करार परत दिला. परवानगीचा कागद मात्र बाईंनी फाइलीत ठेवून घेतला. कायमचा.

बाहेर आल्यावर तू एकच वाक्य बोललीस. "ही चिठ्ठी मला माहीत नव्हती, बाबा. आई तेव्हा म्हणाली होती, त्यांनी लगेच हो म्हटलं." आणि तू रिक्षात बसलीस. मी 'हो' म्हटले नव्हते, मी लिहून दिले होते. या दोहोंत अंतर आहे, हे मला त्या दारात उभे असताना कळले. शहात्तर वर्षांच्या माणसाने असे लिहिणे शोभत नाही. लिहून झाले आहे, आता खोडत नाही.

गोपाल मात्र तुझ्यासोबत गेला नाही. "मामाजी, बस चार वाजता हाय. च्या घेऊ." मी सावध होतो. आता घराचा विषय काढील, म्हणून मी पेला ओठांना लावून वाट पाहत होतो. त्याने विचारले, "मोर्शीकडं यंदा संत्र्याची आंबिया बहाराची फळं टिकून हायत का?" मी म्हणालो, बऱ्यापैकी. तो म्हणाला, "आमच्याकडं वांग्याचा भाव पडला." मग त्याने मला बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उभा राहिला. बस हलेपर्यंत घराविषयी तो एक अक्षर बोलला नाही.

हे मला अजूनही संशयास्पद वाटते.

भगवंतराव

राजापेठ, अमरावती
दि. १६ सप्टेंबर २०२५

चि. रागिणी,

नोंदणी कार्यालयात काल तू आलीस, सही केलीस आणि घरी न येता गेलीस. तुझी आई तुझ्यासोबत बसस्थानकापर्यंत गेली. मी घरी परतून कुलूप काढले तेव्हा ध्यानात आले की, हे घर आता माझ्या मुलीचे नाही आणि माझेही नाही.

तुझे ऑगस्टमधले पत्र मी जपून ठेवले आहे. "घर आईच्या नावावर करते. तुमच्या नावावर करणार नाही." मला आधी वाटले, हे गोपालने सुचवले. मग वाटले, तुम्हां मायलेकींचे हे जूनपासून ठरलेले होते. कोथिंबिरीचा भाव म्हणतात तो हाच. मी आठ दिवस तिला निरनिराळ्या प्रकारे विचारून पाहिले. शेवटी ती कंटाळली.

"मले तरी कुठी म्हाईत होतं? पोट्टीनं परस्पर केलं. मले काय कराचं हाय घर? झाडनं-पुसनं तसंई माह्याच वाट्याले हाय."

"मग नको म्हणून कळव."

"काहून?" ती म्हणाली. "देऊन राहिली तर घेतो."

काल सही करताना तिने 'माणिकबाई' या नावात 'णि' दीर्घ काढला. मी पाहिले. बोललो नाही.

आज सकाळी नीलम खाली आली. तिची मुदत ऑगस्टअखेर संपली होती. या गडबडीत मी पंधरा दिवस दुर्लक्ष केले होते. ती मला म्हणाली, "काका, मी एक खोली पाहून ठेवली आहे, रविवारी हलते." मी काही बोलण्यापूर्वी तुझी आई आतून म्हणाली, "कुठी जातं वं? राह्य ना." किती दिवस राहावे, हे तिने सांगितले नाही. नीलमनेही विचारले नाही. दोन शहाण्या स्त्रिया कोणतीही मुदत न ठरवता एकमेकींकडे पाहून हसल्या. मला भीती वाटली. ती भीती अजून गेलेली नाही. पण आज मी जेवताना तुझ्या आईला हेही विचारले नाही की, उद्या मला काढशील काय. तिने ओळखले असावे. ताटात दुसरी भाकर टाकताना म्हणाली, "जेवा मुकाट्यानं."

भगवंतराव

राजापेठ, अमरावती
दि. २१ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणी,

तुम्हांला सदनिकेचा ताबा मिळाला, असे कळले. कळले म्हणजे, तुझी आई मोबाइलवर मोठ्याने रडली आणि मी विचारल्यावर म्हणाली, "पोट्टीले किल्ली भेटली." तिसरा मजला, पूर्वेचे दार, आणि गोपालने म्हणे सर्वांत आधी सज्जात मेथीची कुंडी ठेवली. सहा वर्षे दुसऱ्याच्या भिंतींत काढल्यावर पहिल्या दिवशी माणसाने मेथी पेरावी, हे मला प्रथम चमत्कारिक वाटले. नंतर वाटले नाही.

वास्तुशांतीसाठी तुझी आई बुधवारी निघून आठ दिवस अकोल्यास जाणार आहे. तिची पिशवी दोन दिवसांपासून दाराशी आहे. नीलम तिला बसमध्ये बसवून देणार आहे. काल सायंकाळी तुझ्या आईने मला विचारले, "तुमी येता का?"

मी म्हणालो, "बोलावणे नाही."

"पोरीच्या घरी बोलावनं लागते?"

"लागते."

तिला वाटले, मी मानापमानाचे बोलतो आहे. तसे नव्हते. ज्या मनुष्याने तिला स्वतःच्या मुलीकडे जाताना चिठ्ठी दिली, त्याने मुलीच्या दारात आपण होऊन जाऊन उभे राहावे, हे मला योग्य वाटत नाही. एवढेच मला म्हणावयाचे होते. परंतु ते मला तिला सांगता आले नाही. तुला लिहिता आले.

मी आलो तर राहणार नाही. सायंकाळच्या बसने परतेन. कोणत्याही कागदाविषयी, नावाविषयी बोलणार नाही. गोपालला काही विचारणार नाही. त्याने वांग्याचा भाव काढला तर ऐकेन. तुम्ही मला कोठे बसवावयाचे, हे तुम्ही ठरवावे. दाराजवळची जागाही चालेल.

वास्तुशांती गुरुवारी आहे. तोपर्यंत तुझे पत्र येणार नाही, हे मला ठाऊक आहे; टपालास आता चार दिवस लागतात. आईचा मोबाइल तिच्याजवळ असतो आणि ती तो मला देत नाही. मात्र रोज सकाळी आठ वाजता ती आंघोळीस जाते, तेव्हा तो ओट्यावर असतो. मी तेथे उभा असतो.

बोलावणे तोंडी असले तरी चालेल.

तुझा,
बाबा